इंजिन न खोलता दुखणं शोधणाऱ्या मेकॅनिक दादांचे आभार

अडीच लाख किलोमीटर पळालेली गाडी चढावर धक्के देऊ लागली, चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. एका ठिकाणी तर थेट ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणाले. तुम्ही आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावलात. कोड पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं इंधन नीट पेटत नाही. मग तिसऱ्याची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) दुसऱ्यावर बसवून गाडी फिरवलीत, तर कोड पी०३०२, म्हणजे आता मिसफायर दुसऱ्यात. दोष कॉइलबरोबर सरकला! तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलंतच. चारही सिलिंडर जवळपास सारखे, म्हणजे इंजिन खोलायची गरजच नाही. कॉइलवरची केसाएवढी चीर मला टॉर्च धरून दाखवलीत. एवढं समजावून कोण सांगतं हो? गॅरेज बंद करायची वेळ कधीच टळून गेली होती, पण तुम्ही घाई केली नाहीत. मनापासून आभार, दादा.