ते डोळे ग्लिसरीनचे नव्हेत

महोदय,

जुन्या प्रेमपटांवरचा पुरवणीतला लेख आवडला. मात्र 'कॅसाब्लांका' या हॉलिवूडपटाची थोरवी त्यात कॅफेमालक रिक आणि त्याची जुनी प्रेयसी इल्सा यांच्या त्यागापाशीच आटोपली, म्हणून हे पत्र. फिल्म सोसायटीच्या खेळाला पहिल्यांदा पाहिला तेव्हा धुक्यातल्या विमानतळावर मीही डोळे पुसले होते. हम्फ्री बोगार्ट आणि इन्ग्रिड बर्गमन यांची जादू कोण नाकारील? पण आता सत्तरीत नजर रिकच्या कॅफेतल्या इतर टेबलांकडेच जाते. तिथे नाझींपासून पळालेल्या बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते, अमेरिकेला जाण्याचा कागद. (ज्या 'ट्रान्झिट'च्या, म्हणजे देशाबाहेर पडू देणाऱ्या, पत्रांसाठी एवढी मारामारी, तसे कागद प्रत्यक्षात नव्हतेच. लेखकांनी खुशाल ठोकून दिले आहे!)

१९४२ च्या उन्हाळ्यात चित्रीकरण चालू होते तेव्हा युद्ध कुठल्या बाजूला झुकेल हे कुणालाच ठाऊक नव्हते. आणि पडद्यावरचे कित्येक निर्वासित खरोखरीचे निर्वासित होते. नाझी मेजर झालेला कॉनराड फाइटसुद्धा १९३३ मध्ये ज्यू पत्नीसह जर्मनी सोडून गेलेला.

एका दृश्यात कॅफेत जर्मन अधिकारी पियानोभोवती गात असतात. इल्साचा नवरा, नाझीविरोधी नेता लाझ्लो बँडला 'मार्सेयेझ' हे फ्रान्सचे राष्ट्रगीत वाजवायला सांगतो, वादक रिककडे बघतात, रिक नुसती मान हलवतो. सगळा कॅफे गाऊ लागतो आणि कॅमेरा इव्हॉनवर येतो. थोड्या वेळापूर्वी हीच मुलगी जर्मन अधिकाऱ्याबरोबर मिरवत आत आली होती. आता गाल ओले. ही भूमिका करणारी मादलेन लबो तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची. दोनच वर्षांपूर्वी जर्मन फौजा यायच्या आत ती नवऱ्यासह पॅरिसहून निघाली, लिस्बन गाठले, चिलीचे व्हिसा मिळवले. ते बनावट निघाले आणि दोघे मेक्सिकोत अडकून पडली. त्या दृश्यात खोट्या अश्रूंसाठी ग्लिसरीन लागले असेल असे मला तरी वाटत नाही.

तिचा नवरा मार्सेल दालिओही याच कॅफेत आहे, जुगारातले रुलेटचे चाक फिरवणारा. व्हिसाच्या पैशांसाठी खेळणारा बल्गेरियन तरुण हरत आलेला असतो, बायको हवालदिल. रिक त्याला बावीसवर लावायला सांगतो. बावीस येतो. रिक म्हणतो, राहू दे तिथेच. पुन्हा बावीस, अर्थात रिकच्याच इशाऱ्याने. मग रिक दालिओला विचारतो, आज कमाई कशी काय? तो म्हणतो, वाटले होते त्यापेक्षा दोनेक हजार कमी.

– एक वाचक, डोंबिवली