वायोमिंगच्या गव्हर्नरांना खुले पत्र: हरणाची सोडत की गुणांचं दुकान?

मा. गव्हर्नर,
वायोमिंग राज्य, शायान यांस,

स. न. वि. वि.

जूनमध्ये बिगर-रहिवाशांच्या, म्हणजे राज्याबाहेरच्यांच्या, हरणाच्या शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीचा निकाल लागतो आणि मागणी असलेल्या युनिटांत, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या क्षेत्रांत, बहुतेकांच्या खात्यावर एकच शब्द उमटतो: अयशस्वी. यंदाही तेच झालं. पत्र मराठीत आहे, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या पदरात तरी काय पडलंय? शिवाय कोलोरॅडो-यूटातून तुमच्याकडे अर्ज करणारी चार मराठी माणसंही आहेत. आपला अर्ज कुठल्या गिरणीत दळला जातो, ते निदान त्यांना कळू दे.

आधी एक मान्य करतो. परवाने कमी केले, ही आमची तक्रार नाही. २०२२-२३च्या हिवाळ्यात वायोमिंग रेंज या डोंगररांगेत मागोवा घेण्यासाठी कॉलर लावलेल्या म्यूल डिअर जातीच्या हरणांच्या माद्यांपैकी सुमारे ७० टक्के मेल्या आणि कॉलर लावलेलं एकही पाडस वाचलं नाही. बर्फाखाली चारा गाडला गेल्यावर कोटा कापावाच लागतो. कमी कितीही द्या हो, पण जे द्याल ते वाटता कसं, हा प्रश्न आहे.

म्हाडाची सोडत ठाऊक असलेल्या वाचकांसाठी हे गणित एकदा मांडतो. समजा, एका युनिटात ५० परवाने आहेत. बिगर-रहिवाशांचा वाटा २० टक्के, म्हणजे १०. त्या दहांचे पुन्हा दोन ढीग होतात: ६० टक्के साध्या दराचे आणि ४० टक्के ‘स्पेशल’ दराचे, म्हणजे सहा आणि चार. साधा दर ३७४ डॉलर. स्पेशल दर पूर्वी ६६२ होता, २०२४ पासून तो थेट १,२०० झाला. हरीण तेच, युनिट तेच, तारखा त्याच. जास्तीच्या पैशात मिळते ती फक्त जरा कमी गर्दीची रांग. आता प्रत्येक ढिगातले ७५ टक्के परवाने ज्यांचे गुण (रांगेत पुढे नेणारे ‘प्रेफरन्स पॉइंट’) जास्त त्यांना, आणि उरलेले २५ टक्के आंधळ्या सोडतीला. साध्या दराच्या सहाचा पाव म्हणजे दीड. दीड परवाना छापता येत नाही, त्यामुळे नव्या अर्जदारासाठी उरतो एक, फार तर दोन. युनिट याहून लहान असेल तर तेवढंही नाही. आणि तुमचे रहिवासी? त्यांचा परवाना ४२ डॉलरचा, हरणासाठी गुणांची भानगड नाही आणि सोडत न लागणारा जनरल परवाना थेट काउंटरवर. त्यांचा हेवा नाही, उणे तीसात राहतात ते. पण बिगर-रहिवाशांना जी रांग लावली आहे ती रांग नसून दुकान आहे.

दुकान म्हणतो, कारण गुण विकत मिळतात. २००६ पासून हे चालतं, आणि जुलै ते ऑक्टोबर ही खिडकी उघडी असते. प्रौढाला हरणाचा एक गुण ४१ डॉलरला पडतो. दहा वर्षं नुसते गुण घेतले तर ४१० डॉलर झाले, म्हणजे परवान्याच्या साध्या दरापेक्षा जास्त, आणि हरणाचं अजून शेपूटसुद्धा दिसलेलं नाही. लागोपाठ दोन वर्षं ना गुण घेतला ना अर्ज केला, तर सगळे गुण शून्य. पहिल्या पसंतीचा परवाना लागला, तरी शून्य. अर्जासोबत पूर्ण रक्कम आधी भरायची. नंबर लागला नाही की रक्कम परत येते, अर्जाचे १५ डॉलर मात्र तुमच्याकडेच राहतात. बरं, दरवर्षी रांगेत शिरणारे जितके, त्यापेक्षा परवाना घेऊन बाहेर पडणारे कमी. म्हणून काल आठ गुणांना निघणारं युनिट उद्या नऊला जातं, परवा दहाला. आठ गुणवाला नऊवर पोहोचेपर्यंत दार पुढे सरकलेलं असतं. इथले शिकारी याला ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. आम्ही मृगजळ म्हणतो. शब्दातच मृग आहे.

त्यात सरासरीची मखलाशी. एका गटात सहा जणांपर्यंत अर्ज करता येतो आणि गटाला सगळ्यांच्या गुणांची सरासरी लागते. बारा गुणांचे काका आणि शून्य गुणांचा भाचा एकत्र आले की दोघंही सहावर. गोतावळा मोठा असेल तर हे जमतं. एकट्याने पाच वर्षं जमवलेले पाच गुण मात्र त्यांच्या मागे उभे. गटाला सरासरीऐवजी सर्वांत कमी गुण लावा, ही आमची पहिली मागणी. दुसरी, ही ‘स्पेशल’ रांग बंद करा. पैसेच हवे असतील तर सगळ्यांसाठी दर सारखा वाढवा, आम्ही कुरकुरत का होईना भरू. परवान्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग बिगर-रहिवाशांकडूनच येतो, हे तुमच्या खात्यालाही ठाऊक आहे. वर १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर बसतो, तो आमच्याही खरेदीतून जातो आणि राज्यांच्या वन्यजीव खात्यांत वाटला जातो.

आता रानाच्या कायद्याकडे येऊ. वायोमिंगची जवळपास निम्मी जमीन संघराज्याची आहे, म्हणजे कागदोपत्री साऱ्या देशाची. त्यात १५ ‘विल्डरनेस’ क्षेत्रं, म्हणजे कायद्याने नैसर्गिक अवस्थेत राखलेली रानं. बाहेरच्या माणसाने तिथे एकट्याने जाऊन तंबू ठोकावा, गळ टाकावा, ससा मारावा. कोणी हटकत नाही. हातात हरणाचा परवाना असेल तर मात्र सोबत परवानाधारक गाइड हवा, नाहीतर स्थानिक रहिवासी. कारण काय, तर सुरक्षितता! अस्वलाला परवाना वाचता येतो, असं दिसतं. त्याच रहिवाशाला गाइडगिरीचा बिनपगारी परवाना फुकट मिळतो आणि वर्षात तो दोन पाहुणे नेऊ शकतो. म्हणजे ओळखीचा माणूस असेल तर डोंगर सुरक्षित, नसेल तर आउटफिटरला, म्हणजे शिकारीच्या सहली नेणाऱ्या व्यावसायिकाला, काही हजार डॉलर मोजल्यावर सुरक्षित. हे कलम काढा, ही तिसरी मागणी.

आणि जिथे गाइड लागत नाही, तिथे तरी पोहोचता येतं का? १८६२च्या कायद्याने रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक चौरस मैल दिले गेले. आजही रॉलिन्स ते रॉक स्प्रिंग्ज या गावांदरम्यानचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो: एक घर सरकारी, एक खासगी. सरकारी घरं एकमेकांना फक्त कोपऱ्यात भेटतात. मिझुरीहून आलेल्या काही शिकाऱ्यांना एल्क माउंटनवर अशाच एका कोपऱ्यात साखळीने जोडलेले दोन खांब आढळले. २०२०मध्ये ते खांबांना धरून पलीकडे वळले. २०२१मध्ये शिडी घेऊन आले, कोपऱ्यावर उभी केली आणि खासगी मातीला पाय न लावता उतरले. अतिक्रमणाचा गुन्हा दाखल झाला, २०२२मध्ये ज्युरीने सोडलं, तरी जमीनमालकाने लाखो डॉलरच्या नुकसानीचा दिवाणी दावा चालूच ठेवला. मार्च २०२५मध्ये संघराज्याच्या दहाव्या सर्किट अपील न्यायालयाने १८८५च्या कुंपणविरोधी कायद्यावर बोट ठेवून शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. हवेतून ओलांडलेला कोपरा ठरवायला चार वर्षं! आणि तो कोपरा सापडायलाही हवा ना. जमीनमोजणीत कोपऱ्यावर बसवलेली पितळी टोपी जागेवर असेल तर ठीक. नसेल तर फोनवरचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं आणि त्या काही मीटरांत अतिक्रमण होऊन जातं. पश्चिमेतली ८३ लाख एकर सार्वजनिक जमीन अशी कोपऱ्यांत अडकली आहे. निदान तुमच्या राज्यातल्या कोपऱ्यांवर खुणेचे खांब रोवा. स्पेशल दराच्या कमाईत एवढं लोखंड सहज येईल.

तुमचं उत्तर पाठ आहे: वन्यजीव राज्याचे, जमीन कोणाची का असेना. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोंटानाच्या खटल्यात हौशी शिकार हा मूलभूत हक्क नाही, असं सांगितलं. २००५मध्ये काँग्रेसने, म्हणजे तुमच्या संसदेने, बाहेरच्यांसाठी वेगळे नियम करायचा राज्यांचा अधिकार कायद्याने पक्का केला. कायदा तुमच्या बाजूने आहे, मान्य. पण रेड डेझर्टमधून होबॅककडे दीडशे मैल चालत जाणारं हरीण हिवाळ्यात संघराज्याच्या माळावर चरतं आणि उन्हाळ्यात संघराज्याच्याच जंगलात. त्याच्या गवताचं बिल देशाच्या नावावर, आणि हरीण तेवढं राजधानी शायानचं!

राजाच्या मालकीचं हरीण आम्हाला नवं नाही. दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या महाराजांचं राखीव शिकारक्षेत्र होतं. तिथे कोणाचा नंबर लागणार यावर कोणी भाबडेपणाने अर्ज भरत नव्हतं. तुमच्या देशाची शेखी अशी, की इथे राजा नाही, हरीण सगळ्यांचं. मग १६० एकरांचा मालक निकषात बसला की सोडतीआधीच त्याचा परवाना बाजूला का निघतो? १,२०० डॉलरवाल्याचा ढीग वेगळा का? राजे गेले, मानकरी राहिले, एवढंच.

आणखी एक मागणी आहे, तिला तर खर्चही नाही. गुण विकताना त्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापा: गेल्या वर्षी या युनिटात किती गुणांवर परवाना निघाला आणि तुमच्यापुढे किती जण उभे आहेत. आकडे तुमच्याकडे आहेतच. ते वेगळ्या तक्त्यांत पडलेले असतात आणि ४१ डॉलरचं बटण मात्र समोर.

उत्तराची घाई नाही. १ जुलैला खिडकी पुन्हा उघडेल, तेव्हा भेटूच. गुण घ्यावाच लागेल, नाहीतर जमवलेले जातील.

आपले,
रांगेतले काही जण