महाशिवरात्रीला घारापुरीच्या धक्क्यावर माणसं हवीत

सप्रेम नमस्कार.

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली की घारापुरी (एलिफंटा) बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या आमच्या तिन्ही गावांत एकच चर्चा सुरू होते: यंदा धक्क्यावर कोण उभं राहणार? एरवी बेटावर येतात ते पर्यटक. गेटवेहून तासाभराचा बोटीचा प्रवास, १२० पायऱ्या, फोटो, आणि संध्याकाळच्या आत परत. महाशिवरात्रीला मात्र माणसं लेण्यांतल्या शिवाच्या दर्शनाला येतात. उरण, पनवेल, नवी मुंबई, मुंबई, सगळीकडून. म्हाताऱ्या आजी येतात, कडेवर पोरं घेतलेल्या लेकीसुना येतात, आणि बहुतेकांच्या पोटात उपासाच्या खिचडीपलीकडे काही नसतं.

त्यात तिथीच अशी, की समुद्रही त्याच दिवसांत उधाणाला लागलेला असतो. अमावास्या तोंडावर असते. सकाळी ११च्या आसपास भरती भरते, तेव्हा बोटी धक्क्याला अगदी लागून उभ्या राहतात आणि उतरणं सोपं जातं. म्हणून सगळेच निर्धास्त असतात. खरी परीक्षा परतीची. संध्याकाळी ५च्या सुमारास पाणी पार उतरतं, बोट खाली जाते, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, आणि नेमकी तेव्हाच घरी जायची घाई झालेली गर्दी धक्क्यावर जमते. आमच्या नाखवांना हे कुणी शिकवायला नको. पण एकेका बोटीत माणसं हात धरून उतरवायची, रांग थोपवायची, ‘आता पुरे, पुढच्या बोटीने या’ असं ठणकावून सांगायचं, एवढं सगळं गावातल्या मोजक्या पोरांच्या आवाक्याबाहेरचं आहे.

१८ डिसेंबर २०२४ची दुपार इथे कुणी विसरलेलं नाही. गेटवेहून बेटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीला समुद्रात अपघात झाला आणि १५ जणांचे जीव गेले. तेव्हापासून लाइफ जॅकेटबद्दल कुणी हसत नाही. तरी यात्रेच्या दिवशी जादा होड्या लागतात, आणि तिथे जॅकेटं कमी पडतात. लहान मुलांच्या मापाची तर हुडकूनही सापडत नाहीत.

म्हणून आमचं पहिलं मागणं लाइफ जॅकेटचं. नवीच द्या. फाटक्या पट्ट्यांची, आतला फोम दबलेली जुनी जॅकेटं कृपया पाठवू नका, ती घालणाऱ्याला उगाच धीर देतात. त्यात निम्मी तरी मुलांची असू द्यात. दुसरं मागणं माणसांचं. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मोरा, न्हावा, करंजा इथल्या कोळी बांधवांपैकी ज्यांना पाण्याची आणि दोरीची सवय आहे, त्यांनी दुपारी ३नंतर शेतबंदरच्या धक्क्यावर यावं. सकाळी हार-फुलांच्या गडबडीत मदत करणारे पुष्कळ मिळतात, संध्याकाळी कुणी सापडत नाही. डॉक्टर आणि परिचारिका असतील तर फार बरं. उपास, ऊन आणि पायऱ्या, त्यामुळे चक्कर येणारे दरवर्षी असतातच.

पाण्याचंही सांगायला हवं. बेटावरचं पिण्याचं पाणी म्हणजे पावसाळ्यात साठवलेलं, आणि ते आम्हाला जूनपर्यंत पुरवायचं असतं. समुद्राखालून केबल येऊन २०१८ साली बेटावर वीज आली, पाण्याचं तसं काही झालेलं नाही. तेव्हा पाण्याचे मोठे जार बोटीने आणून देणाऱ्यांचे आम्ही ऋणी राहू. छोट्या बाटल्यांची खोकी मात्र नकोत. त्या माकडं हिसकावून नेतात, उरलेल्या समुद्रात जातात आणि महिनाभर आमच्या जाळ्यांत येत राहतात. कचऱ्यासाठी जाड गोणी मिळाल्या तर चालतील, जितक्या मिळतील तितक्या.

एक गोष्ट स्पष्ट करतो. लेण्यांच्या नावाने आम्ही एक पैसाही गोळा करत नाही. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, १९८७पासून जागतिक वारसा यादीत आहेत, त्यांची डागडुजी हे आमचं काम नव्हे. ‘घारापुरीच्या मंदिराचा जीर्णोद्धार’ म्हणून कुणी पावतीपुस्तक घेऊन दारात आलं, तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

आणि जे दर्शनाला येतील त्यांना विनंती. सुमारे सहाव्या शतकात हे शिवालय अखंड डोंगरातून कोरून काढलं. गाभाऱ्याला चार दिशांना चार दरवाजे आहेत आणि प्रत्येक दाराशी द्वारपाल उभे आहेत. पोर्तुगीज काळात इथल्या मूर्तींचे हातपाय तुटले, इथला शिलालेख त्यांनी काढून नेला तो कायमचा हरवला. राजबंदरचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याला आहे. एवढं सोसून जे उरलंय त्याला आपलं तेल, कुंकू आणि कापराची काजळी नको. नारळ आत फोडू नका. बेल आणि पाणी पिंडीला पुरे. रांगेतून बाहेर पडल्यावर दहा मिनिटं काढून दक्षिणेच्या भिंतीकडे जा. तीन मुखांची ती भव्य महेशमूर्ती तिथे आहे. घाईत पिंडीला हात लावून तिच्याकडे पाठ फिरवून जाणारे पाहिले की आम्हाला खरंच वाईट वाटतं. जवळच शिवपार्वतीच्या लग्नाचा देखावा आहे, नववधू पार्वती लाजून उभी आहे, तोही बघा.

वस्तू यात्रेच्या चार दिवस आधीपर्यंत उरणच्या मोरा बंदरातून आमच्या गावच्या बोटींवर चढवता येतील. बेटावर येणार असाल तर थेट शेतबंदरला गावकऱ्यांकडे द्या. रोख रक्कम कुणाच्याही हातात पावतीशिवाय देऊ नका, आमच्याही नाही. जमा-खर्चाचा कागद यात्रेनंतर धक्क्यावरच्या फळ्यावर लावू. जॅकेटं गावातच राहतील आणि पावसाळ्यात आमची पोरं शाळा-कॉलेजला पलीकडे जातात तेव्हा त्यांच्या अंगावर असतील.

आपले,
घारापुरी बेटावरील ग्रामस्थ
(शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर)