शटर अर्धं ओढणाऱ्या काकांना

काका,

स. न. वि. वि.

माझ्या शोधप्रकल्पाचं ऋणनिर्देशाचं पान तुम्हीच टाइप केलंत. मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य, ग्रंथपाल, आई-वडील हा क्रम तुम्ही मला न विचारताच लावलात. अशी शेकडो पानं तुमच्या हाताखालून गेली असतील. शेवटी मी म्हटलं, ‘आता तुमचं नाव सांगा.’ तुम्ही कीबोर्डवरून हात उचललेत, ‘टायपिंगवाल्याचं नाव कुठं असतं का पोरी,’ म्हणालात आणि प्रिंट दिलीत.

प्रकल्प बांधून झाला, जमा झाला, परवा तोंडी परीक्षाही झाली. त्यात सगळ्यांचे आभार आहेत. ज्यांनी तो उघडूनही पाहिला नाही त्यांचेही आहेत. फक्त तुमचे नाहीत. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. नाव तुम्हाला नको होतं, तर इथेही घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

एम. ए. मराठीच्या शेवटच्या सत्राला एका कवितेवर शोधनिबंध लिहायचा होता. मी बालकवींची ‘औदुंबर’ घेतली. आठच ओळींची कविता, लवकर होईल असं मला वाटलं होतं, हे खरं. पण दुसरंही एक कारण होतं. बालकवी आमच्या जिल्ह्यातले, धरणगावचे. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, त्यात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ हे नाव दिलं. आपल्या मातीतला माणूस, त्याच्यावर आपणच लिहावं असं मनापासून वाटलं.

विषय सांगितला तेव्हा मला मिळालेलं मार्गदर्शन एवढंच होतं: ‘बालकवी म्हणजे निसर्गकवी. निसर्गवर्णन, रंगयोजना, उदासीनता, तीन प्रकरणं कर. मागच्या वर्षीचे प्रकल्प कपाटात आहेत, बघून घे.’ मी तसंच केलं. मार्गदर्शिकांमधून उतारे घेतले, समीक्षकांची वाक्यं जोडली, औदुंबर म्हणजे दत्ताचं झाड, म्हणून तो विरक्त योगी, असं सगळ्यांनी लिहिलंय तसं मीही लिहिलं. कच्चा मसुदा तपासायला दिला. तीन आठवडे तो टेबलावर पडून होता. परत मिळाला तेव्हा पहिल्या पानावर ‘ठीक’ असा शेरा होता. पाचव्या आणि सहाव्या पानाच्या मध्ये माझं रेल्वेचं तिकीट चुकून राहिलं होतं. ते जागचं हललंही नव्हतं.

मला त्या दिवशी रडू आलं नाही, पण आत काहीतरी विझलं. दोन वर्षं रोज पॅसेंजरने ये-जा करून शिकतेय. वडिलांनी केळीच्या पैशातून फी भरलीय. आणि मी लिहिलेलं कुणी वाचणारच नसेल, तर लिहायचं कशासाठी? कॉलेजच्या रस्त्यावरच्या एका दुकानात तयार प्रकल्प मिळतो, फक्त नाव बदलायचं. वर्गातल्या काहींनी तेच केलं. त्यांना मी दोष देत नाही. वाचणारच कुणी नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं, इतकंच.

तुमच्याकडे आले ती फक्त टाइप करून घ्यायला. एप्रिलचं ऊन, दुपारचे दोन, दुकानात फॉर्म भरणाऱ्यांची आणि झेरॉक्सवाल्यांची गर्दी. तुम्ही माझे कागद स्टँडला लावलेत आणि सुरू केलंत. कविता टाइप करताना शेवटच्या ओळीला हात थांबला. स्क्रीनकडे पाहत तुम्ही म्हणालात, ‘ओळ आखूड पडतेय.’

मी लिहिलं होतं, ‘पाय टाकुनी जळात बसला औदुंबर’. तुम्ही डोळे मिटून ओळ हळूच म्हणून पाहिलीत, मग म्हणालात, ‘असला. बसला असला औदुंबर. एक शब्द खाल्लास.’ ज्या नोट्समधून मी उतरवलं होतं, त्यात तो शब्द गळला होता. ज्या आठ ओळींवर मी छत्तीस पानं लिहिली, त्यातली एक ओळ चुकीची होती. ते मलाही दिसलं नाही आणि ‘ठीक’ लिहिणाऱ्यांनाही दिसलं नाही.

मला इतकी लाज वाटली की कागद ओढून घ्यावेत आणि निघून जावं. तेवढ्यात तुम्ही उठलात, बाहेर उभ्या असलेल्यांना म्हणालात, ‘पंधरा मिनिटं थांबा,’ आणि शटर अर्धं खाली ओढलंत.

काका, त्या आवाजाचं मी काय सांगू! दुकानात एकदम अर्धा अंधार झाला. शटरखालून उन्हाचा पट्टा तेवढा आत येत होता आणि त्यात लोकांच्या चपला दिसत होत्या. परीक्षेचे दिवस म्हणजे तुमच्या कमाईचे दिवस. शेजारी आणखी दोन दुकानं. गिऱ्हाईक तिकडे गेलं तर परत येत नाही, हे मलाही कळतं. तरी माझ्या आठ ओळींसाठी तुम्ही शटर ओढलंत. आजवर माझ्यासाठी कुणी काही बंद केलं नव्हतं, साधा फोनसुद्धा. मी समोर उभी राहून शंका विचारत असायचे तेव्हा टेबलापलीकडे फोन चालूच असायचा.

तुम्ही मला व्याख्यान दिलं नाहीत. बिघडलेल्या प्रिंटांच्या गठ्ठ्यातून एक पाठकोरा कागद काढलात, पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, ‘पूर्ण कविता हाताने लिही. सावकाश. एकेक अक्षर उचलल्यासारखं.’ मग सांगितलंत की तरुणपणी तुम्ही छापखान्यात जुळारी होतात, अक्षरांचे धातूचे खिळे एकेक करून जुळवणारे. खिळा उलटा असतो, अक्षर आरशातल्यासारखं दिसतं, ‘क’ कुठल्या खान्यात, वेलांटी कुठल्या, काना कुठल्या, सगळं हाताला पाठ असावं लागतं. ‘जुळाऱ्याला घाईने वाचताच येत नाही,’ म्हणालात. ‘त्याच्या हातातून अख्खी कविता अक्षर-अक्षर जाते. म्हणून ती त्याच्यात राहते.’ तुमच्यात ‘औदुंबर’ तशीच राहिली होती.

मी लिहायला लागले. ऐल तट, पैल तट, हिरवाळी. निळासावळा झरा. चार घरांचं गाव. हिरवी गर्दी. पांढरी पायवाट. हिरवं कुरण, काळा डोह. लाटांवर पसरलेला गोड काळिमा. रंग मी आधीही मोजले होते, पण हाताने लिहिताना प्रथमच दिसलं की शेवटच्या ओळीत एकही रंग नाही. झाड म्हटलं की हिरवं, पण सात ओळींत इतके रंग उधळणाऱ्या कवीने झाडालाच रंग दिला नाही.

आणि मग ‘पाय टाकुनी’ लिहिताना माझी पेन्सिल थांबली. तीन ओळी वर मी नुकतंच ‘पायवाट’ लिहिलं होतं. पायवाट म्हणजे पायांनी पडलेली वाट, पण तिच्यावर चालणारं कुणीच नाही. गाव आहे, घरं आहेत, शेतमळे आहेत, आणि माणूस एकही नाही. झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो, नुसती हालचाल आहे. पाय दिसतात ते थेट शेवटच्या ओळीत, पाण्यात, आणि ते झाडाचे असतात. जो चालत नाही त्यालाच तेवढे पाय.

मी हे तुम्हाला अडखळत सांगितलं. आमच्या नाल्यावरच्या उंबराचंही सांगितलं. त्याची मुळं अशीच पाण्यात उतरलेली आहेत, लहानपणी आम्ही त्यांवर बसून पाय बुडवायचो. आजी म्हणायची, ‘उंबर तिथं पानी.’ विहीर खणायची तर आधी उंबर बघायचा. मला योगी-विरक्त हे सगळं पटत होतं, पण माझा उंबर विरक्त नव्हता, तो पाण्याशी सलगीने बसलेला होता. हे असलं काही प्रकल्पात लिहिता येतं, हेच मला माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणालात, ‘हे कुठून घेतलंस?’

‘कुठून नाही. आत्ता दिसलं.’

‘मग हे लिही. बाकीचं सगळ्यांकडे आहे.’

शटरवर थाप पडली तेव्हा पंधराची पस्तीस मिनिटं झाली होती. तुम्ही शटर वर केलंत. बाहेर सातबाऱ्याची झेरॉक्स घ्यायला आलेले एक आजोबा पायरीवर बसून होते. ते दुसऱ्या दुकानात गेले नव्हते. रागावलेही नव्हते. मला म्हणाले, ‘झालं का बाई तुझं?’ त्यांचं नाव-गाव मला ठाऊक नाही, पण त्यांचेही आभार. इतक्या उन्हात, आपलं काम अडलेलं असताना, एका अनोळखी मुलीच्या कवितेसाठी ते थांबले. अशी माणसं उंबराच्या फुलासारखी, असं म्हणतात. मला वाटतं ती पुष्कळ आहेत, फक्त त्यांच्या नावाचं पान कुठल्या प्रकल्पात नसतं.

पुढचे दहा दिवस मी सगळं नव्याने लिहिलं. छत्तीस पानांची बावीस झाली. तुम्ही टायपिंगचे पैसे बाविसाचेच घेतलेत, आधी केलेल्या पानांचे नाही. ते मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

आणखी एक. तुम्हीच सहज विचारलं होतंत, ‘बालकवी कुठे गेले माहितीय ना? तुझ्याच रस्त्यावर.’ मला माहीत नव्हतं. ५ मे १९१८, भादली स्टेशनाजवळ, रेल्वेखाली. वय अवघं सत्तावीस. भुसावळ ते जळगाव मी रोज ज्या गाडीने येते ती भादलीला थांबते. दोन वर्षं थांबत होती. आता तिथं गाडी उभी राहिली की मी मोबाइल खाली ठेवते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमका पायवाटेचा मुद्दा काढला. ‘हे कोणाचं मत?’ मी म्हटलं, ‘माझं.’ त्यांनी चष्मा सारखा केला, कवितेचं पान उघडलं आणि आठही ओळी मनाशी वाचल्या. खोलीत सगळे गप्प. मग त्यांनी पुन्हा एकदा वाचल्या. माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणात माझ्यासमोर बसून कुणी कविता वाचण्याची ती दुसरी वेळ.

तुम्ही दिलेला तो कागद मी जपून ठेवलाय. मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं प्रूफ आहे, ‘चि. सौ. कां.’ मधल्या चुकलेल्या अनुस्वाराभोवती तुमचा लाल गोल. पुढच्या बाजूला माझ्या अक्षरात ‘औदुंबर’.

आणि काका, त्याच कागदावरून एक बोलायचंय. तुम्ही परत मिळवून दिलेल्या त्या शब्दाबद्दल मी प्रकल्पात काहीच लिहिलं नाही. ‘असला’. परवा परीक्षा संपवून घरी जाताना भादलीला गाडी थांबली आणि तो डोक्यात आला. ‘असला औदुंबर’ असं माणूस एकटा असताना म्हणत नाही. शेजारी कुणी उभं असेल, त्याला बोट करून दाखवायचं असेल, तेव्हा ‘असला’ म्हणतो. म्हणजे कवितेत माणूस नाही हे माझं म्हणणं पूर्ण खरं नाही. ऐलतीरावर दोघं आहेत, एक दाखवणारा आणि एक बघणारा. माझा सगळ्यात आवडता मुद्दा अर्धा चुकलाय, आणि प्रकल्प तर बांधून जमा झाला.

शनिवारी दुपारी गर्दी कमी असते ना? कागद घेऊन येते.

तुमची,
बावीस पानांवाली