आधी एक खातं हलवा, मग १२४ गावं मागा

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

तिसऱ्या मुंबईसाठी, म्हणजे आमच्याकडे होऊ घातलेल्या नव्या शहरासाठी, उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं अधिसूचित झाली. माझी हरकत मी रीतसर नोंदवली आहे. या पत्राचा विषय वेगळा आहे.

मुंबईचा भार हलका करायचा म्हणून १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी ठरल्या. ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्या चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांचा सगळा भरवसा एका गोष्टीवर होता: सरकारनं आधी खाडी ओलांडावी, कचेऱ्या आणि धंदे आपोआप मागे येतील. झालं काय? कांदा-बटाट्याचे व्यापारी वाशीला धाडले, लोखंडवाले कळंबोलीला. कुरकुरत का होईना, ते गेले. सरकार मात्र होतं तिथेच राहिलं. वर १९८१ मध्ये नरिमन पॉइंटला, समुद्रात भराव घालून काढलेल्या जमिनीवर, नवं विधानभवन बांधून मोकळं झालं! आमच्या वाट्याला बेलापूरचं कोकण भवन.

बाकी हिशेब तुम्हाला ठाऊक आहे. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड पदरात पडले ते त्यानंतर. आणि उरणला लोकल आली जानेवारी २०२४ मध्ये.

मंत्रालयात काम निघालं की आमच्याकडचे कितीतरी लोक आजही मोरा बंदरातून लाँचनं भाऊच्या धक्क्याला जातात. ओहोटीला गाळामुळे तीही बंद. जमीन इथली, तिची फाइल तिथली.

आता तिसऱ्या मुंबईत कॉर्पोरेट पार्क येणार, डेटा सेंटर येणार, असं ऐकतो. मंत्रालयातली एक खुर्ची हलणार, असं अजून कानावर आलेलं नाही. सगळं मंत्रालय मागतच नाही. एक खातं हलवा, तुमचंच. सचिवांपासून शिपायांपर्यंत सगळे, आणि तुमचं दालनही. चिरनेरला आणा. १९३० च्या जंगल सत्याग्रहात त्या गावानं सरकारच्या गोळ्या झेललेल्या आहेत, तुमच्या फायलींना ते घाबरणार नाही.

जागा बघायला याल तेव्हा अटल सेतूवरून नको, लाँचनं या. भरतीची वेळ मी कळवतो.

आपला,
उरण तालुक्यातला एक शेतकरी