पाहुण्यांसाठी आमची दिवसपाळी का जाते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अंताल्याच्या हवामान परिषदेवर पानभर लेख आला. वाचून पेपर बाजूला ठेवला, रात्र जाऊ दिली, तरी डोक्यातून जात नाही म्हणून लिहितो आहे. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल वाद नाही. २०२६ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानातल्या त्या समुद्रकाठच्या शहरात जगभरचे प्रतिनिधी जमणार, हॉटेलं भरणार, शहराचं नाव होणार, हे त्यांनी नीट मांडलं. माझी तक्रार शेवटच्या परिच्छेदाबद्दल आहे. २०२३ मध्ये दुबईत पंतप्रधानांनी २०२८ ची परिषद भारतात घ्यायची तयारी दाखवली होती, तो धागा पकडून लेखक म्हणतात की अशा परिषदांच्या काही बैठका आमच्या ताडोबा पट्ट्यात व्हाव्यात. रिसॉर्ट तयार आहेत, जंगल आहे, नागपूरचं विमानतळ फार लांब नाही, आणि त्यात इथल्या गावांचं भलं आहे.

मी त्याच पट्ट्यात, वाघांच्या जंगलाभोवतीच्या बफरला लागून असलेल्या गावात राहतो. भलं कसं होतं ते आम्ही बघितलं आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये पर्यावरण आणि पर्यटन यावर बैठक झाली. अंताल्याच्या मानाने ती काहीच नव्हती, दोन-अडीचशे पाहुणे असतील, त्यात काही परदेशी. पण तयारी पंधरा दिवस आधीपासून चालू. गेटपर्यंतचा रस्ता डांबरी झाला. गेटच्या पुढे आमच्या गावाकडे येणारा तुकडा आजही तसाच खड्ड्यांचा आहे. हे सोडून देऊ, रस्त्याचं रडगाणं आपल्या पेपरात रोजच असतं. मला जे सांगायचं आहे ते विजेचं आहे.

ज्यांच्या वावरात मोटर आहे त्यांना समजावून सांगायला नको. आम्हाला मोटर चालवणारी थ्री फेज लाइन आठ तास मिळते, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. हरभऱ्याला फुलं धरायच्या बेताला ओलीत द्यायचं असतं, तेव्हा माणूस दिवसपाळीकडे डोळे लावून बसतो, कारण रात्री वावरात जाणं म्हणजे जिवाशी खेळ. बैठकीच्या आठवड्यात आमची दिवसपाळी होती. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला की पाळी बदलली, लाइन रात्री दहाला येईल. कारण विचारायला वीज कार्यालयात गेलो तर सांगितलं, पाहुणे असेपर्यंत दिवसाचा लोड वाढवता येत नाही, वरून आदेश आहे. आदेश दाखवा म्हटलं तर दाखवला नाही. अर्ज दिला, त्याची पोच दिली, उत्तर आजपर्यंत नाही.

आता ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. आमच्याकडे हरभऱ्याला पाणी स्प्रिंकलरने देतात. तीन-चार तासांनी मोटर बंद करून सगळे पाइप उचलायचे, पुढच्या पट्ट्यात न्यायचे आणि परत जोडायचे. जोडताना दोन्ही हात पाइपला लागतात. कमरेत वाकावं लागतं, कपलिंगचा हुक नीट बसेपर्यंत मान वर करता येत नाही. बॅटरी कपाळाला बांधलेली असते, तिचा उजेड हातापुरता. पाठीमागे धुऱ्यावर तूर उभी, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. त्या तुरीत काय बसलं आहे ते कोणालाच दिसत नाही. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, हे वनखात्याचेच लोक गावात येऊन सांगतात आणि एकट्याने, वाकून काम करू नका म्हणतात. मग वाकायची पाळी आमच्यावर रात्रीच का आणता?

त्या रात्री मी आणि धाकटा भाऊ गेलो होतो. तो पाइप जोडायचा आणि मी टिनाचा डबा वाजवत उभा राहायचो, मग मी जोडायचो आणि तो डबा वाजवायचा. दुसऱ्यांदा पाइप बदलायला निघालो तर ओल्या मातीत पंजा उमटलेला दिसला. पहिल्या खेपेला आम्ही त्याच दांडावरून गेलो होतो, तेव्हा तो नव्हता. भावाने मोटर बंद केली, पाइप तिथेच टाकले आणि आम्ही घरी आलो. अर्धा हरभरा कोरडा राहिला, तो पुढे फुलावर आलाच नाही. पिकाचं जाऊ द्या. घरी आई दारात उभी होती, तिला काही सांगायची गरज पडली नाही.

त्याच वेळी रिसॉर्टच्या हिरवळीवर दिवे लागले होते. ते आमच्या गच्चीवरून दिसतात.

हे आम्ही एकट्यानेच सोसलं असंही नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या, ती बातमी आपणच छापली होती. आमच्या जिल्ह्यात २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. कोळसा आमचा, राख आमची, उन्हाळ्यातला ताव आमचा. दिवसा आठ तास लाइन द्यायची म्हटली की मात्र लोड नसतो. शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या सौर वाहिनीचं काम काही गावांत झालं, तिथल्या शेतकऱ्यांची रात्रीची फेरी सुटली, मला त्यांचा आनंद आहे. आमचा फिडर, म्हणजे आमच्या शेतांची वीजवाहिनी, अजून रांगेत आहे.

लेखकांनी अंताल्याच्या हॉटेलांबद्दल लिहिलं, पण त्या प्रांतातल्या माणसांबद्दल एक ओळ लिहायला हवी होती. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याच प्रांतात मानवगतला वणवा लागला, गावं जळली, गुरं होरपळली. तिथे काचघरांत टमाटे पिकवणारे शेतकरी आहेत. परिषदेत त्यांना कोण बोलावणार आहे, एवढं तरी त्यांनी शोधायचं होतं. २०२२ मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेखला परिषद झाली, तेव्हा हॉटेलांचे दर इतके चढले की गरीब देशांच्या कार्यकर्त्यांना खोली परवडेना. निदर्शनं करायला ठरवून दिलेली जागा होती. २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेममध्ये खोल्या कमी पडल्या म्हणून दोन मोठी प्रवासी जहाजं आणून उभी केली. त्या शहराजवळ अमेझॉनच्या जंगलातून १३ किलोमीटरचा चौपदरी रस्ता काढला. राज्य सरकारचं म्हणणं असं की तो परिषदेसाठी नव्हता, आधीच ठरला होता. असेलही. पण त्या रस्त्याकडेला राहणारा, आसाईची फळं विकून पोट भरणारा एक माणूस बीबीसीला म्हणाला की माझी झाडं गेली, भरपाई मिळाली नाही, आणि दोन्ही बाजूंना भिंत असल्याने मला त्या रस्त्यावर चढताही येणार नाही. मोबाइलवर ते वाचलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आमच्या गावातला आहे.

परिषदा होऊ नयेत असं मी म्हणत नाही. शर्म अल-शेखलाच हवामान बदलाचा फटका बसलेल्या गरीब देशांसाठी नुकसानीचा निधी उभारायचं ठरलं, आणि अतिवृष्टीत सोयाबीन गेलेल्या माणसाला त्या शब्दाचं मोल कळतं. माझा पुतण्या सफारीची जिप्सी चालवतो, त्याचं घर पाहुण्यांवर चालतं, मी पाहुण्यांच्या विरोधात कसा जाईन? पण इथे बैठक घ्यायची असेल तर आधी ग्रामसभेत येऊन सांगा. त्या दिवसांत दिवसपाळी हलणार नाही, शाळेच्या वेळेची एसटी पाहुण्यांसाठी काढून नेणार नाही, हे लिहून द्या. रात्रीच्या ओलिताचा प्रश्न बैठकीच्या कागदावर घ्या आणि तो मांडायला आमच्यातल्या कोणाला तरी बोलवा. मागच्या वेळी आमचे सरपंच गेटवर गेले होते. पास नाही म्हणून त्यांना परत पाठवलं.

आपल्याला एक विनंती आहे. या हरभऱ्याच्या हंगामात, रात्रपाळीच्या आठवड्यात, आपला एक प्रतिनिधी आमच्याकडे पाठवा. जेवण आमच्याकडे, सोबत आम्ही देऊ, डबा वाजवायचं कामही त्याला सांगणार नाही. त्याने फक्त पाइप बदलताना उभं राहावं आणि जे दिसेल ते पुरवणीत त्याच पानावर छापावं.

आणखी एक. दिवाळीनंतर आपल्या ग्रामीण आवृत्तीतून बाजारभावाचा रकाना गेला आहे. २०२५-२६ च्या हंगामात कापसाचा हमीभाव क्विंटलला मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये होता, २०२५ मध्ये कापसावरचं आयात शुल्क काही महिने माफ झालं तेव्हापासून व्यापारी त्याच्या खाली मागू लागला, आणि सरकारी केंद्रावर न्यायचा तर मोबाइलवर नोंदणी, मग नंबर. अशा वेळी चिमूर, वरोरा, हिंगणघाटला काल काय भाव फुटला हे सकाळी पेपरात दिसलं तर माणूस गाडी भरायची की थांबायचं ते ठरवतो. आमच्याकडे एसटीने गठ्ठा येतो, पेपर दहा-साडेदहाला हातात पडतो, तरी आम्ही घेतो, ते मुख्यतः त्या रकान्यासाठी. हॉटेलांना पान मिळालं, तर कापसाला चार ओळी मिळायला हरकत नसावी. रकाना सोमवारपासून परत सुरू करावा.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, ता. चिमूर, जि. चंद्रपूर