एकाच मॉडेलच्या दोन फोनमध्ये दोन वेगळ्या स्टोरेज चिप : लेखी खुलासा आणि बदली हँडसेट हवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : जाहिरातीत यूएफएस २.२, प्रत्यक्षात ईएमएमसी ५.१

महोदय,

तुमच्या तक्रार कक्षाशी सहाव्यांदा फोनवर बोलून झाल्यावर हे पत्र लिहितो आहे. यूएफएस आणि ईएमएमसी हे फोनमधल्या स्टोरेज चिपचे दोन प्रकार, पहिला वेगवान आणि दुसरा संथ, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही; फोन तुम्हीच बनवता. तरी काही गोष्टी लिहाव्या लागत आहेत. तुमच्या सेवा केंद्रातल्या आणि फोनवरच्या एकाही माणसाला त्या माहीत नव्हत्या, किंवा माहीत असून बोलायची मुभा नव्हती.

घरच्या वापरासाठी एकाच बिलावर दोन हँडसेट घेतले. मॉडेल तेच, ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज तेच, रंगही तोच, किंमत प्रत्येकी १४,९९९ रुपये. खरेदीच्या दिवशी तुमच्या संकेतस्थळावर ‘१२८ जीबी यूएफएस २.२’ असे स्पष्ट लिहिलेले होते. स्क्रीनशॉट जोडला आहे. आता त्याच पानावर फक्त ‘१२८ जीबी’ उरले आहे. एका हँडसेटमध्ये यूएफएस २.२ आहे, दुसऱ्यात ईएमएमसी ५.१.

हा अंदाज नाही. दोन्ही फोन फॅक्टरी रीसेट केले, एकच सॉफ्टवेअर आवृत्ती ठेवली, दोन्हींत १०० जीबीच्या आसपास जागा रिकामी ठेवली (स्टोरेज भरत आले की लिहिण्याचा वेग पडतो, म्हणून), बॅटरी सेव्हर बंद केला, रीस्टार्ट करून दहा मिनिटे फोन थंड होऊ दिले आणि अँड्रोबेंच हे स्टोरेजचा वेग मोजणारे अ‍ॅप प्रत्येकी तीनदा चालवले. पहिल्याचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला ८९० एमबीच्या आसपास, दुसऱ्याचा २९०. सलग लेखन ४८० आणि १९०. चार केबीच्या तुकड्यांचे विखुरलेले लेखन १७० आणि ४६. तिन्ही वेळा आकडे पाच टक्क्यांच्या आत राहिले. त्यानंतर एडीबीने, म्हणजे संगणकावरून फोनच्या आतल्या नोंदी वाचण्याच्या साधनाने, दोन्ही फोनचे बूट डिव्हाइस (फोन ज्या स्टोरेजवरून सुरू होतो त्याची नोंद) वाचले. पहिल्याच्या नावाच्या शेवटी ‘यूएफएसएचसी’ आहे, म्हणजे यूएफएस; दुसऱ्याच्या शेवटी ‘एसडीएचसीआय’, म्हणजे ईएमएमसी. यात बाहेरच्या अ‍ॅपचा संबंध नाही. फोन स्वतःच स्वतःची ओळख सांगतो आहे.

फरक नुसत्या आकड्यांचा असता तर एवढा त्रास घेतला नसता. ईएमएमसीची वाहिनी एका वेळी एकाच दिशेने चालते, घाटातल्या एकेरी पुलासारखी. लेखन चालू असेल तर वाचनाला थांबावे लागते. यूएफएसला जायची आणि यायची वाट वेगळी आहे, आणि २.२ मध्ये लेखनाचा वेग वाढवणारा रायटबूस्टरही आहे. म्हणून दुसऱ्या फोनवर अ‍ॅप अपडेट होत असताना कीबोर्ड अडखळतो, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप परत घेताना गॅलरी उघडत नाही, आणि कॅमेऱ्याने ओळीने दहाबारा फोटो काढले की शटर थांबते. पहिल्या फोनवर यातले काहीही होत नाही. त्यावर तुम्ही ‘६ + ६ जीबी’ म्हणून जी वाढीव रॅम विकता, ती खरी रॅम नाही, स्टोरेजमधलीच जागा आहे. यूएफएसवर ती एक वेळ चालते. ईएमएमसीवर ती चालू ठेवली की आधीच अडलेल्या पुलावर आणखी गाड्या सोडल्यासारखे होते, शिवाय चिपची झीज वाढते ती वेगळीच. सेवा केंद्राला मी हे सांगितले. त्यांनी जॉबशीटवर ‘दोष आढळला नाही’ असे लिहून फोन परत दिला. त्यांच्यासमोर तो एकदाही संगणकाला जोडला गेला नाही.

आता तक्रार कक्षाला केलेल्या सहाव्या कॉलबद्दल. तो रेकॉर्ड झाला आहे असे सुरुवातीलाच सांगितले गेले, तेव्हा कृपया स्वतः ऐका. तीन जणांकडे फिरवून झाल्यावर वरिष्ठ म्हणून एक गृहस्थ आले. त्यांनी विचारले, “बॉक्सवर १२८ जीबी लिहिलंय. फोनमध्ये १२८ जीबी आहे की नाही?” आहे, म्हटले. “मग तुम्हाला कमी काय दिलं?” मी यूएफएसचा मुद्दा काढला. ते म्हणाले, “फोन चालू होतो ना?” होतो. “कॉल लागतात?” लागतात. “व्हॉट्सअ‍ॅप चालतं?” एवढा वेळ मी ‘सर’ होतो. इथून पुढे ‘अंकल’ झालो. “मग अंकल, घरच्या वापराला एवढा स्पीड लागतो कशाला?” मी बूट डिव्हाइसची दोन्ही नावे वाचून दाखवली. पलीकडे चार मिनिटे नुसते संगीत. परत आल्यावर वाक्य होते : “बाहेरच्या अ‍ॅपची टेस्ट कंपनी मान्य करत नाही. तुम्ही या टेक्निकल गोष्टींत पडू नका.” अ‍ॅप नाही, फोनचीच नोंद आहे, असे मी पुन्हा सांगायला लागलो, तेवढ्यात “आणखी काही मदत करू शकतो का?” असे विचारून फोन ठेवला गेला.

फोन चालू होतो ना, हे उत्तर नव्हे. म्हशीच्या दुधाचे पैसे घेऊन गाईचे दूध घालायचे आणि माप तर पूर्ण भरले आहे म्हणायचे, हा तो प्रकार आहे. घरात मी किती वेग वापरतो हे ठरवण्याचा अधिकार तुमच्या कर्मचाऱ्याला नाही. पैसे मी दोन्ही फोनचे सारखेच दिले आहेत.

पुरवठ्याची अडचण होती, असे सांगणार असाल तर ते २०१७ मध्ये सांगून झाले आहे. हुआवेच्या पी१० आणि पी१० प्लसमध्ये ईएमएमसी ५.१, यूएफएस २.० आणि यूएफएस २.१ अशी सरमिसळ निघाली होती. हुआवेच्या फोन व्यवसायाचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड यू यांनी आधी फ्लॅश मेमरीच्या तुटवड्याकडे बोट दाखवले, लोक आणखी भडकले, आणि मग त्यांना जाहीर माफी मागावी लागली. २०१५ मध्ये आयफोन ६एसचा ए९ प्रोसेसर सॅमसंग आणि टीएसएमसी अशा दोन चिप कंपन्यांकडून आला, तेव्हा बॅटरी टिकण्यातला फरक दोन-तीन टक्क्यांचा असल्याचे अ‍ॅपलने निदान उघडपणे सांगितले. इथे वाचनाचा वेग तिपटीने कमी आहे आणि तुम्ही संकेतस्थळावरचा शब्द काढून टाकला.

चुकून झाले असेही म्हणता येणार नाही. दोन्ही प्रकारच्या चिप ११.५ बाय १३ मिलिमीटरच्या, १५३ बॉलच्या (बोर्डाला जोडणाऱ्या बिंदूंच्या) मिळतात, पण त्यांचे सिग्नल वेगळे असतात. एक काढून दुसरी बसवली आणि फोन सुरू झाला, असे होत नाही. बोर्ड आणि बूटलोडर (फोन सुरू करणारे सॉफ्टवेअर) दोन्ही चिपसाठी आधीच तयार करावे लागतात. म्हणजे तुमच्या कारखान्यात हे कोणीतरी ठरवून केले आणि ग्राहकाला सांगायचे नाही, हेही ठरवून केले. आमच्या घरातला हा तुमचा चौथा आणि पाचवा फोन आहे. आधीच्या तिघांनी चांगली साथ दिली, म्हणून तर एकदम दोन घेतले. याचे वाईट फार वाटते.

पंधरा दिवसांत मला पुढील गोष्टी हव्या आहेत. दुसरा हँडसेट बदलून यूएफएस २.२ असलेला नवा हँडसेट, किंवा त्याचे पूर्ण १४,९९९ रुपये परत. कोणत्या बॅचमध्ये कोणती चिप बसवली याची लेखी माहिती. आणि एक लेखी हमी : चांगल्या चालणाऱ्या पहिल्या फोनचा मदरबोर्ड (ही चिप त्यावरच असते) उद्या वॉरंटीत बदलावा लागला, तर त्यावरही यूएफएस २.२ च असेल आणि बोर्डाचा पार्ट नंबर जॉबशीटवर लिहिला जाईल. ही तिसरी मागणी किरकोळ समजू नका. सुट्या भागांच्या साठ्यात कोणते बोर्ड आहेत ते सेवा केंद्राने मला सांगितलेले नाही.

कॅश क्लिअर करा, रीसेट करा, सॉफ्टवेअर अपडेटची वाट पाहा, यांतले एकही उत्तर स्वीकारणार नाही. सॉफ्टवेअरने ईएमएमसीचे यूएफएस होत नाही.

मुदतीत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकते. त्यांच्याकडेही याच कागदांची प्रत जाईल.

सोबत : बिलाची प्रत, खरेदीच्या दिवशीचा आणि आजचा संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट, दोन्ही फोनच्या चाचण्यांचे फोटो, बूट डिव्हाइसच्या नोंदी, जॉबशीट.

आपला ग्राहक,
पुणे

ता. क. : पत्र पूर्ण करत असताना माझी तक्रार ‘निवारण झाली’ म्हणून बंद केल्याचा मेसेज आला. निवारण झालेले नाही. तक्रार आजच्या तारखेने पुन्हा उघडा आणि तसे लेखी कळवा.